आधी पाया, मग मजला : वारसा आणि कन्स्ट्रक्टर

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या पदविका अभ्यासक्रमापासून शहरातील महाविद्यालयांपर्यंत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकविले जाते. वारसा, अर्थात इनहेरिटन्स, हा त्यातील कळीचा विषय. ‘कोणता कन्स्ट्रक्टर आधी चालतो?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. मात्र त्यामागील कारण न समजल्यास प्रोग्रॅम गुपचूप चुकतो.

ऑब्जेक्ट तयार होताना त्याला आरंभीची मूल्ये देणारे फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर. समजा, ‘खाते’ हा मूळ क्लास असून ‘बचतखाते’ हा त्यापासून निर्माण केलेला क्लास आहे. बचतखात्याचा ऑब्जेक्ट तयार करताना आधी ‘खाते’चा आणि नंतर ‘बचतखाते’चा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो. पाया भरल्याविना मजला चढत नाही, तसेच हे. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट नष्ट होताना हाच क्रम उलटा होतो.

कन्स्ट्रक्टर वारशाने आपोआप मिळत नाही. ‘खाते’च्या एकमेव कन्स्ट्रक्टरला खातेक्रमांक लागत असेल, तर ‘बचतखाते’ने तो स्पष्टपणे पुरवावा लागतो. जावामध्ये त्यासाठी ‘सुपर’ हा शब्द आहे. तो न लिहिल्यास कंपायलर विनामूल्यांचा कन्स्ट्रक्टर शोधतो आणि तो नसल्यास चूक दाखवितो.

खरा धोका पुढे आहे. ‘खाते’च्या कन्स्ट्रक्टरने पासबुक छापणारे फंक्शन बोलाविले आणि ‘बचतखाते’ने ते फंक्शन नव्याने लिहून त्यात व्याजदर छापला, असे समजू. जावामध्ये नवे फंक्शन चालते. परंतु ‘बचतखाते’च्या कन्स्ट्रक्टरने ४ टक्के हा दर अद्याप भरलेलाच नसतो. परिणामी पासबुकावर शून्य उमटते आणि चुकीची कोणतीही सूचना मिळत नाही. सी प्लस प्लसमध्ये फंक्शन व्हर्च्युअल असले तरी त्या क्षणी मूळ क्लासचेच फंक्शन चालते. त्यामुळे व्याजदर छापलाच जात नाही.

२०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये ‘सुपर’पूर्वी स्वतःच्या क्लासची मूल्ये भरण्याची मुभा मिळाली. तरीही सुरक्षित नियम जुनाच आहे : कन्स्ट्रक्टरने केवळ मूल्ये भरावीत, पुढील क्लास बदलू शकेल असे फंक्शन ऑब्जेक्ट पूर्ण झाल्यावरच बोलवावे.