खिशातला फोन आणि पोत्यातली बी



एप्रिल-मे महिन्यात बांद्याच्या बाजारात आलात, तर एक गोष्ट हमखास दिसेल. काजू बीचे पोते काट्यावर चढलेले आहे, व्यापारी दर सांगतो आहे, आणि पोत्याचा मालक मात्र व्यापाऱ्याकडे न बघता हातातल्या मोबाईलकडे बघतो आहे. कोणी दोडामार्गच्या भाच्याला फोन लावतो, कोणी म्हापशाच्या ओळखीच्या माणसाला, कोणी व्हॉट्सअॅपवर आलेला दर पुन्हा एकदा वाचतो. मग विचारतो, "थंय तर जास्ती दर आसा म्हणतत. तुमी कमी कित्याक सांगतास?" व्यापारी हसतो आणि आपलाच मोबाईल पुढे करतो. त्याच्याकडेही दर आलेला असतो, आणि तो वेगळाच असतो!

यात खरा दर कोणता? आणि खरा दर कळला, तरी पदरात दोन पैसे जास्त पडतात का? गेली काही वर्षे हा प्रश्न मला गावोगाव विचारला जातो. आज त्यावरच बोलू या.

तेव्हा आणि आता

मी बी.एस्सी. (कृषी) होऊन खात्यात रुजू झालो ते १९९५ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी ३१ जुलैला आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्याकडे तेव्हा एस.टी.डी. बूथचे राज्य होते. मुंबईच्या चाकरमान्याचा फोन येणार म्हणून अख्खे घर शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन बसायचे.

कामाची पद्धतही तशीच. एस.टी.ने जायचे, जिथे रस्ता संपेल तिथून पायी. काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडला, तर शेतकरी वाळलेले तुरे कागदात गुंडाळून कार्यालयात आणून द्यायचा. तोवर पंधरा दिवस गेलेले असायचे. फवारणीची वेळ टळून गेलेली. आज तोच शेतकरी झाडाखाली उभा राहून फोटो पाठवतो आणि संध्याकाळच्या आत त्याला उत्तर मिळते. एक हंगाम वाचवायला कधी कधी एवढेच पुरते.

मधल्या काळात तीन पायऱ्या आल्या. २००३ साली येणारा फोन फुकट झाला, तेव्हा मोबाईल गरिबाच्या खिशात शिरला. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याच वर्षी युपीआयने पैसे देण्याघेण्याची सोय झाली. २०२० च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजारावर विसंबून राहता येईना, तेव्हा कोकणातल्या आंबा बागायतदारांनी फोनवरून मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात पेट्या उतरवल्या. जे काम वर्षानुवर्षे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून राहिले होते, ते गरजेपोटी दोन महिन्यांत झाले.

आपल्या भागापुरती आणखी एक गंमत सांगतो. दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल, मुंबई मात्र वेगळे. रोमिंगचे पैसे लागत तेव्हा पत्रादेवीचा नाका ओलांडून म्हापशाला कामाला गेलेला मुलगा फोनच्या हिशेबाने घरातच असे, आणि गिरगावात राहणारा भाऊ परमुलखात! बांद्याचा व्यापार मुळातच गोव्याकडे तोंड करून आहे. फोनने ते नाते आणखी जवळ आणले.

केरळचे मासे आणि महाराष्ट्राचा कांदा

भाव कळला की फायदा होतो, असे आपण धरून चालतो. याविषयी दोन अभ्यास झाले आहेत आणि दोन्हींचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला केरळचा. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल टप्प्याटप्प्याने आला. त्याआधी असे व्हायचे, की एका बंदरात तारली इतकी उतरे की गिऱ्हाईक मिळत नसे आणि मासे पुन्हा समुद्रात फेकावे लागत. त्याच वेळी काही मैलांवरच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. फोन आल्यावर नाखवा समुद्रातूनच विचारू लागला आणि जिथे मागणी तिथे होडी वळवू लागला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. मासे फेकणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. दोघांचाही फायदा!

दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. २००७ च्या सुमारास 'रॉयटर्स मार्केट लाईट' नावाची सेवा सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला संदेशातून मोबाईलवर येई. फाफशां आणि मिंटेन या दोन अभ्यासकांनी १०० गावांतील टोमॅटो, कांदा, डाळिंब, गहू, सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांत पाहणी केली. काहींना ही सेवा एक वर्ष फुकट दिली, काहींना दिली नाही. वर्षाअखेर दोघांची तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सेवा मिळालेल्यांना दर जास्त मिळाला असे म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

असे का व्हावे? केरळच्या नाखव्याला दर कळला, आणि होडी वळवणेही त्याच्या हातात होते. आपल्या शेतकऱ्याला दर कळतो, पण माल दुसरीकडे नेण्याची, किंवा चार आठवडे थांबण्याची ताकद त्याच्याकडे असतेच असे नाही. माझ्या मते सारी गोम इथेच आहे.

काजूचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. समजा, तुमच्याकडे ५ क्विंटल काजू बी आहे आणि दुसऱ्या गावी किलोला ५ रुपये जास्त मिळतात असे फोनवर कळले. म्हणजे २,५०० रुपये जास्त. आता टेम्पोचे भाडे १,२०० धरा. हमाली आणि तुमचा मोडलेला दिवस मिळून ८०० धरा. हातात उरले ५०० रुपये. तिथे गेल्यावर बी ओली म्हणून व्यापाऱ्याने क्विंटलमागे २ किलो कट मारला, तर १० किलो गेले. १२० रुपये दराने १,२०० रुपये झाले. म्हणजे इतका खटाटोप करून घरचेच ७०० रुपये गेले!

आता हाच हिशेब दुसऱ्या पद्धतीने करा. वाडीतल्या चार घरांनी आपापली ५ क्विंटल बी चांगली वाळवली. फोनवर ठरवून मोठा टेम्पो केला, भाडे २,०००. प्रत्येकाच्या वाट्याला ५०० आले. माणूस एकच गेला. हमाली आणि त्याचा दिवस मिळून ८००, म्हणजे प्रत्येकी २००. बी वाळलेली, म्हणून कट नाही. प्रत्येकाला १,८०० रुपये जास्त मिळाले. शिवाय २० क्विंटल माल बघून व्यापारी दराची बोलणी करायला खुर्ची पुढे करतो, ते वेगळेच.

फोन दोन्ही वेळा होता. पहिल्या वेळी तो फक्त दर विचारायला वापरला, दुसऱ्या वेळी चार घरे जोडायला.

आणि वाळवणी विसरू नका. बोंडापासून सोडवलेली बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आला की मगच पोत्यात भरावी. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. अशी बी असेल तरच "आज नाही देत" असे म्हणता येते. पैशाची निकड असेल, तर शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बीही येते, याची बाजार समितीकडे चौकशी करावी.

माझी चूक

उपदेश करणाऱ्याने आपली चूकही सांगावी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मला एक संदेश आला : 'काजू बीचा दर पुढच्या पंधरवड्यात वाढणार, विकण्याची घाई नको.' पाठवणारा ओळखीचा होता. त्याला तो कोणी पाठवला हे मी विचारले नाही. शेतकऱ्यांच्या तीन गटांत तो पुढे धाडला आणि जेवायला बसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बागायतदार दारात आले. वय सत्तरीच्या घरात. माझा संदेश मुलाने वाचून दाखवला म्हणून त्यांनी चार क्विंटल बी ठेवून दिली होती. दर वाढला नाहीच. पाऊस लवकर आला, मांगरात ओल शिरली आणि निम्म्या पोत्यांना बुरशी लागली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायबानु, तुमीच सांगितल्यात म्हणान थांबलंय." नातीच्या शाळेचे पैसे त्यातून भरायचे होते, हे मला मागाहून कळले.

त्यांच्याशी मी काय बोललो ते आठवत नाही. पण त्या दिवसापासून, स्वतः दोन ठिकाणी विचारल्याशिवाय मी दराचा एकही संदेश पुढे पाठवलेला नाही. शिक्क्याच्या कागदावर सही करताना आम्ही दहा वेळा विचार करतो आणि फोनवर अंगठ्याने एका क्षणात शेकडो घरांना सल्ला देऊन मोकळे होतो. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही सारखेच असतात.

बाजार, सातबारा आणि घर

बाजारात आता भाजीवालीच्या टोपलीशेजारीही स्कॅनरचा पुठ्ठा उभा असतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हिशेब आपोआप राहतो. पण 'पैसे आले' असा आवाज किंवा बँकेचा संदेश आल्याशिवाय माल सोडू नये. गिऱ्हाइकाने दाखवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच शेतात उभे राहून करायची, ही चांगली गोष्ट. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत रेंज नसते आणि म्हाताऱ्या माणसाला ॲप जमत नाही. नोंद राहिली, तर नुकसानीच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच नसते. शेवटच्या दिवसाची वाट न बघता वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला हे काम सोपवा. त्याला चार पैसे द्या, हरकत नाही.

फसवणुकीचे म्हणाल, तर चोर आता घरात फोनमधून येतो. 'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा' असा संदेश येतो. फाईल उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि खाते रिकामे होते. खेड्यातली साधी, सरकारावर विश्वास ठेवणारी माणसेच यात सापडतात. अशा वेळी लाजून गप्प बसू नका. पहिला तासच मोलाचा असतो.

भगिनींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. कोकम आगळ, काजूगर, फणसाचे तळलेले गरे यांना फोनवरून गिऱ्हाईक मिळते, हे बचत गटांनी दाखवून दिले आहे. पण एकदा वजन कमी भरले किंवा खवट गर गेला, की तोंडी बदनामी होण्यापेक्षा फोनवरची बदनामी लांब जाते. पहिल्या मागणीपेक्षा दुसऱ्या मागणीची काळजी घ्या.

एवढे लक्षात ठेवा

१. दराची खात्री दोन निरनिराळ्या ठिकाणी करावी. दर विचारताना वाळलेल्या बीचा की ओल्या, रोख की उधार, हेही विचारावे.

२. पुढे पाठवलेला संदेश म्हणजे सल्ला नव्हे. कोणी, कधी आणि कुठला दर दिला हे नसेल, तर सोडून द्यावा.

३. रोग-किडीचा फोटो उजेडात काढावा : एक पूर्ण झाडाचा, एक जवळून. जवळच्या फोटोत पानाच्या दोन्ही बाजू दिसाव्यात.

४. शेतीविषयक प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटरचा फुकट क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे. विजेच्या कडकडाटाचा आगाऊ इशारा 'दामिनी' ॲपवर मिळतो.

५. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नये. फसलात, तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

६. तेरेखोल नदीला पूर आला, की वीज जाते आणि मागोमाग टॉवरही बंद पडतो. दहा महत्त्वाचे क्रमांक वहीत लिहून वही उंच फळीवर ठेवावी.

येत्या हंगामात तुमच्या वाडीतली चार घरे एकत्र आली, माल एकाच गाडीतून गेला, तर हिशेब मांडून जरूर कळवा. नफा झाला तरी कळवा, तोटा झाला तरी कळवा. इतर वाड्यांना तो वाचून दाखवीन. मात्र आधी खात्री करून घेईन!