नरकातला छापखाना

डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्लोच्या उल्व्हर या बँडने दोन सीडींचा अल्बम काढला आणि ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराचे चाहते चक्रावून गेले. आदल्याच वर्षी याच बँडचा 'नातेन्स माद्रिगाल' आला होता. त्याचा आवाज इतका खरखरीत आणि बोचरा की तो सलग ऐकणं म्हणजे कानांची सत्त्वपरीक्षा. नव्या अल्बममध्ये मात्र संगणकावर बांधलेले ठेके होते, कुजबुज होती, एका बाईचा स्वच्छ आवाज होता, मधूनच उसळणाऱ्या गिटारी होत्या. आणि शब्द सगळे विल्यम ब्लेक या अठराव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या एका पुस्तकातले. अल्बमचं नाव 'थीम्स फ्रॉम विल्यम ब्लेक्स द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल'. या अल्बमचं वेड मला कित्येक वर्षं आहे आणि ते उतरण्याचं चिन्ह नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. नॉर्वेतलं ब्लॅक मेटल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेहेम, डार्कथ्रोन, एम्परर, बुर्झुम या नावांभोवती उभं राहिलं. चर्च जाळली गेली, १९९३ मध्ये मेहेमच्या गिटारवादकाचा खून झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. उल्व्हर त्याच वर्षी सुरू झाला. 'बेर्गतात' (१९९५) ही डोंगराने भुलवून नेलेल्या मुलीची गोष्ट, त्यानंतरचा 'क्वेल्सांगेर' विजेच्या वाद्यांशिवायचा, मग 'नातेन्स'. एवढं पुरे.

१९९८ मध्ये गायक क्रिस्तोफर रिगने 'जेस्टर रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. तिथून आलेला हा पहिला अल्बम. सोबतीला तोरे यिल्विसाकर हा नवा माणूस होता, आवाजांची संगणकावर जुळवाजुळव करणारा. उल्व्हरचं पुढचं सारं संगीत या दोघांच्या मैत्रीतून उगवलं असं मला वाटतं. यिल्विसाकर २०२४ मध्ये गेला.

या मंडळींनी ब्लेकच्या पुस्तकातला एकही शब्द गाळला नाही, हे या अल्बमचं सर्वांत मोठं धाडस. आपल्याकडे कवितेला चाल लावताना संगीतकार दोन-तीन कडवी निवडतो, बाकीची पुस्तकात राहतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इथे तर पुस्तकाचा बराचसा भाग गद्य आहे. देवदूताशी झालेले वाद आहेत, प्रेषितांबरोबरचं जेवण आहे, धर्मग्रंथांवरची टीका आहे. रिग हे कधी गातो, कधी बोलतो, कधी यंत्रातून गाळलेल्या आवाजात पुटपुटतो. वाक्य लांबलं की ठेका त्याच्यासाठी थांबतो. चालीसाठी मजकूर वाकवण्याऐवजी मजकुरासाठी संगीत वाकवलं आहे, आणि माझ्या लेखी हा अल्बम मोठा आहे तो याच कारणाने.

गाण्यांची नावंही पाहा: 'प्लेट ३', 'प्लेट ११', 'प्लेट १४'. हे ब्लेकच्या तांब्याच्या पत्र्यांचे क्रमांक आहेत. इथे थोडं रेंगाळतो, कारण त्या पत्र्यांशिवाय हा अल्बम अर्धाच कळतो. ब्लेक पेशाने नक्षीकाम करणारा खोदकार. आपली पुस्तकं तो स्वतःच छापायचा. आम्ल ज्याला खात नाही अशा द्रावाने तो तांब्यावर मजकूर आणि चित्रं काढायचा, तीही उलटी, आरशात दिसावीत तशी. मग पत्र्यावर आम्ल ओतायचं. उघडं तांबं झिजून खाली जायचं, अक्षरं वर उठून राहायची. त्यावर शाई फिरवून छाप घ्यायचा आणि मग तो व बायको कॅथरीन पानं हाताने रंगवायची. असे २७ पत्रे म्हणजे हे पुस्तक. १७९० ते १७९३ च्या दरम्यान ते तयार झालं. आज त्याच्या अवघ्या ९ पूर्ण प्रती ज्ञात आहेत, आणि रंगांमुळे प्रत्येक निराळी.

चौदाव्या पत्र्यावर ब्लेक सांगतो की ही आम्लाची रीत नरकातली आहे आणि ती वरवरचं झिजवून आतलं अनंत उघडं करते. पंधराव्यावर तो थेट नरकातल्या छापखान्यात शिरतो. तिथे सहा दालनं. पहिल्यात ड्रॅगनरूपी माणूस गुहेच्या तोंडाशी साचलेला केरकचरा काढतो आहे, पुढे एक साप गुहेला विळखा घालून आहे आणि इतर ती सोनं-चांदी-रत्नांनी सजवत आहेत, मग गरुड, मग धातू वितळवणारे आगीचे सिंह, मग तो रस ओतणारी निनावी रूपं. शेवटच्या दालनात माणसं ते सगळं झेलतात आणि त्याची पुस्तकं होतात.

लंडनला गेलो तेव्हा लँबेथमध्ये मुद्दाम फिरलो. हे पुस्तक तयार होत होतं त्या काळात ब्लेक तिथेच राहत होता. ते घर आता नाही. जवळच रेल्वेच्या कमानीखाली सेंटॉर स्ट्रीटच्या बोगद्यात मात्र त्याची चित्रं मोझेइकमध्ये केली आहेत. चिमुकले रंगीत तुकडे, त्यांच्या फटींत धूळ, आणि वर दर काही मिनिटांनी वॉटर्लूची गाडी धडधडत जाते. संग्रहालयात काचेआड पाहिलेल्या पानांपेक्षा मला ब्लेक तिथे जास्त भेटला.

या पुस्तकाचं मूळही उत्तरेकडेच जातं. इमॅन्युएल स्वीडनबोर्ग या स्वीडिश द्रष्ट्याने १७५८ मध्ये स्वर्ग-नरकावर ग्रंथ लिहिला. ब्लेक दांपत्य १७८९ मध्ये त्याच्या अनुयायांच्या सभेला गेलंही होतं. मग ब्लेकचं मन विटलं आणि त्याने त्याच ग्रंथाची खिल्ली उडवत नरकाची बाजू घेतली. स्वीडनच्या माणसावर चिडून इंग्रजाने लिहिलेलं पुस्तक दोनशे वर्षांनी नॉर्वेच्या पोरांनी गावं, यात मला विलक्षण गंमत वाटते.

माझं सर्वांत आवडतं गाणं 'प्रोव्हर्ब्स ऑफ हेल'. नरकातल्या ७० म्हणी आणि गाणं जेमतेम ९ मिनिटांचं, म्हणजे आठेक सेकंदांना एक म्हण. एकीचा अर्थ लागतो न लागतो तोच दुसरी येऊन आदळते. पुस्तक वाचताना आपण थांबतो, मागे जातो. इथे ती मुभा नाही, आणि म्हणूनच म्हणींचा मारा खरा जाणवतो. दुसरी सीडी मला थोडी विस्कळीत वाटते. देवदूताशी वादाचा लांब भाग रेंगाळतो. पण 'अ साँग ऑफ लिबर्टी'मध्ये एम्पररचे इसान आणि सामोथ, शिवाय डार्कथ्रोनचा फेनरिझ आवाज द्यायला येतात. उल्व्हरने ज्या संगीताकडे पाठ फिरवली, त्यातलेच हे बिनीचे शिलेदार. पुढे 'पर्डिशन सिटी' (२०००) आला तेव्हा ब्लॅक मेटल पार मागे पडलं होतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी अगदी सुरुवातीपासून ऐकलंच पाहिजे असं नाही. ब्लेकच्या पत्र्यांची चित्रं इंटरनेटवर सहज मिळतात. चौदावा आणि पंधरावा पत्रा समोर उघडा, गाणंही तिथूनच लावा आणि बोटाने ओळींवरून जा. त्यानंतर म्हणींकडे वळा.