कृपादानांचा विश्वासू कारभार : मराठी ख्रिस्ती सेवेचा आढावा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपादान’ म्हणजे पवित्र आत्म्याने श्रद्धावंताला त्याची पात्रता न पाहता, इतरांच्या उभारणीसाठी दिलेले सामर्थ्य होय. या दानांची सर्वांत सविस्तर चर्चा प्रेषित पौलाने इ. स. ५५च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तेथील श्रद्धावंतांच्या समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. अन्य भाषांत बोलण्याच्या दानावरून तेथे श्रेष्ठ-कनिष्ठतेचा भाव बळावला होता. म्हणून पौलाने अवयव अनेक असले तरी शरीर एकच असते हे समजावले आणि दानांच्या विवेचनाच्या मधोमध प्रीतीवरील प्रकरण योजून, प्रीतीवाचून कोणतेही दान निष्फळ ठरते असे बजावले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर त्याने अध्यापन, औदार्य आणि दया यांनाही दानांच्या यादीत स्थान दिले. पेत्राच्या पहिल्या पत्रात दान मिळालेल्या व्यक्तीला ‘कारभारी’ म्हटले आहे. कारभारी दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो आणि तिचा हिशेब देण्यास बांधलेला असतो. तेव्हा विश्वासूपणाचा प्रश्न दान किती मोठे याचा नसून ते कोणाच्या उपयोगी पडले याचा आहे.

या कसोटीवर पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) जीवन विशेष अभ्यसनीय ठरते. संस्कृत विद्येने त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून दिल्या होत्या. तथापि १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर मायदेशी परतून त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले, आणि पुढे दुष्काळाने निराधार झालेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. १९०५ मध्ये मुक्तीत आध्यात्मिक जागृती होऊन अन्य भाषांत प्रार्थना होऊ लागल्या, तेव्हा रमाबाईंनी त्या अनुभवाचा अव्हेर केला नाही, परंतु आत्म्याच्या कार्याची ती एकमेव खूणही मानली नाही. प्रार्थनेबरोबर शिक्षण, शेती आणि छपाई ही कामेही मुक्तीत चालू राहिली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे या हेतूने. ज्या विद्येने त्यांना पंडितांच्या सभेत मान मिळवून दिला, तीच विद्या त्यांनी अक्षर नुकतेच ओळखू लागलेल्या बायकांच्या सेवेला लावली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे दान काव्याचे होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग, ओवी आणि कीर्तन यांच्या परंपरेत वाणी मिळवून दिली, त्यामुळे उपासनेत मराठी माणसाला आपल्याच भक्तिसंस्काराचा सूर सापडला. १९१७ मध्ये धर्मप्रचारक मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला, कारण बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे अशी त्यांची तळमळ होती. त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने ‘स्मृतिचित्रे’सारखे आत्मचरित्रही लिहिले, यावरून दान शाळेच्या दाखल्यावर अवलंबून नसते हे दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. रुग्णालयापुरतेच न थांबता त्यांनी गावांनी निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर आणि उपेक्षित जातींतील, स्त्रियांना प्रसूती, बालसंगोपन व रोगप्रतिबंध यांचे शिक्षण दिले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टराचे ज्ञान डॉक्टरापाशीच न ठेवता गावातील बाईच्या हाती सोपवणे, हा कारभारीपणाचा परिपूर्ण अर्थ होय.

या तिन्ही उदाहरणांत दानाचा लाभ झालेल्यांमधून नवे सेवक घडावेत, ही दिशा स्पष्ट दिसते. याउलट व्यासपीठावरील वक्तृत्व किंवा रोगमुक्तीची प्रार्थना एखाद्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे साधन बनते, तेव्हा करिंथचीच चूक पुन्हा घडते, आणि आजारी पाहणारे, हिशेब राखणारे, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारे यांची दाने दुर्लक्षित राहतात. म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्यातील अशी अबोल दाने शोधावीत, त्यांना शिक्षण आणि जबाबदारी द्यावी, आणि वर्षाच्या हिशेबात पैशांबरोबर या दानांच्या विनियोगाचाही ताळेबंद मांडावा.