चतुर्थीचा चंद्र आणि गरीची होडी

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश हें बालाघाटच्या डोंगरांतलें गांव. तेथील गणपतीचें नांव भालचंद्र. गजाननाच्या शापानें निस्तेज झालेल्या चंद्राला याच ठिकाणीं उःशाप मिळाला, अशी तेथली श्रद्धा आहे. समुद्र येथून सरळ रेषेंत सुमारें ३०० किलोमीटर दूर. इतकेंच नव्हे, तर या डोंगरांत पडलेला पाऊसही पश्चिम समुद्राला मिळत नाहीं. सिंदफणा किंवा मांजरा यांच्या वाटेनें तो गोदावरींत जातो आणि पूर्व समुद्र गांठतो. अशा गांवाचें नांव काढून कोंकणच्या मासेमारीवर लिहावयास बसावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. शिवाय ज्या घरीं हें मासिक जातें, त्यांतील पुष्कळ घरीं माशाला उंबरठ्याच्या आंत प्रवेश नाहीं. (सारस्वत वाचकांनीं येथें हंसूं नये.) परंतु आजचा विषय ताटांतला नसून पंचांगांतला आहे.

संकष्टीच्या रात्रीं लिंबागणेशास काय किंवा आपल्या घरीं काय, दिवसभराच्या उपवासानंतर सारी मंडळी अंगणांत येऊन पूर्वेकडे दृष्टि लावतात. चंद्र डोंगराआडून वर येतो आणि पानें वाढलीं जातात. त्याच वेळीं मुंबईच्या किनाऱ्यावर काय चाललेलें असतें? तेथें ओहोटी जवळजवळ पुरी झालेली असते, आणि पाणी परत फिरण्याच्या बेतांत असतें. हा योगायोग नव्हे. मुंबईस चंद्र उगवतां-मावळतां ओहोटी आणि चंद्र माथ्यावर येण्याच्या सुमारास भरती, असा साधारण क्रम महिनाभर चालतो. चंद्राची ओढ हेंच भरतीचें मुख्य कारण, हें न्यूटननें १६८७ सालीं गणितानें मांडलें. पण त्याच्या पुष्कळ आधींपासून आपले कोळी तिथीवरून भरती काढीत आले आहेत.

त्यांचा हिशेब इतका सोपा आहे, कीं घरांतील लहान मुलांनाही तो शिकवावा. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या वाजतां भरती पुरी. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. दिवसा एकदां, रात्रीं एकदां. घटकांच्या भाषेंत बोलावयाचें, तर भरती रोज सुमारें दोन घटका मागें पडते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यानें दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते, म्हणून मालवणास ती मुंबईच्या आधींच येऊन जाते आणि तिची उंचीही तेथें बरीच कमी असते. तेथला मनुष्य त्याप्रमाणें आपला हिशेब मागें ओढून घेतो.

वेळेइतकेंच महत्त्व जोराला. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेंत ओढतात; त्यानंतर एकदोन दिवसांत पाणी सर्वांत चढतें आणि सर्वांत उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या ओढी काटकोनांत येतात. सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहूनही थोडी कमी असल्यामुळें भरती-ओहोटी थांबत नाहीं, पण मंदावते. तो भांग. वसई-वेसाव्याकडील कोळी डोल लावतात. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशीं बांधलेलें पिशवीसारखें जाळें. त्यांत मासा प्रवाहच आणून टाकतो, म्हणून त्यांना उधाण प्रिय. गरीवाल्याचें गणित याच्या उलट.

गरी म्हणजे गळ, आणि गरवणें म्हणजे गळ-दोरीनें मासा धरणें. काठी नाहीं, चाक नाहीं. दोरी, शिसें, गळ आणि हात. मालवणच्या बाजूस समुद्राच्या तळाशीं खडक पुष्कळ. तेथें जाळें अडकतें आणि फाटतें. गरी मात्र नेमकी तेथेंच चालते, कारण गोबरा, हेकरू, तांबोशी हे मासे खडकांच्या कपारींत राहतात. खडक वरून दिसत नाहीं. तो किनाऱ्यावरील खुणांनीं सांपडतो: सिंधुदुर्गाचा एखादा बुरूज आणि त्यामागचें डोंगराचें टोंक एका ओळींत आलें, दुसरीकडे एखादें झाड आणि देवळाचा कळस जुळला, कीं जेथें त्या दोन ओळी छेदतात तेथें नांगर टाकावयाचा. भूमितीचा हा धडा शाळेंत न गेलेल्या माणसांनींही पिढ्यान् पिढ्या बिनचूक गिरविला आहे.

दोरी पूर्वीं सुताची किंवा तागाची असे; गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत नायलॉनचा तंगूस आला. गळाला कोळंबी, म्हाकूल किंवा बांगड्याचा तुकडा लावून शिसें खालीं सोडतात. तें तळाला टेकलें, कीं हातभर वर उचलून दोरी तर्जनीवर धरावयाची आणि स्वस्थ बसावयाचें. बारीक थरथर म्हणजे लहान मासे आमिष कुरतडीत आहेत. जड ओढ लागली, कीं पहिले चार-पांच हात दोरी झटक्यानें वर आलीच पाहिजे; गोबरा एकदां कपारींत शिरला, कीं दोरी खडकावर घासून तुटते. आणि दोरी हाताभोंवतीं गुंडाळावयाची नाहीं, हा पहिला नियम; मोठ्या माशाच्या धांवेनें ती बोटांत खोल कापत जाते. उधाणांत हें सारें फसतें. प्रवाह शिशाला ओढून नेतो, दोरी तिरपी पडते आणि खालचा स्पर्श बोटापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून गरीवाला भांगाच्या तिथि पाहतो, आणि त्यांतही भरती पुरी होऊन पाणी घटकाभर थबकतें ती वेळ साधतो. एकाच चंद्राची एकाला पौर्णिमा हवी, दुसऱ्याला अष्टमी!

यासाठीं लागणारी होडी एका-दोघांचीच. आंब्याचें खोड कोरून ती करीत. कलंडूं नये म्हणून एका बाजूस दोन आडव्या दांड्यांनीं लांकडाचा तरंगता ओंडका बांधीत. तीच उलांडी. जेम्स हॉर्नेल या संशोधकानें १९२० सालीं हिंदी नौकांवर जो प्रबंध लिहिला, त्यांत या उलांडीचा संबंध त्यानें दूरच्या पूर्वेकडील बेटांशीं जोडला आहे. आतां पुष्कळ होड्या फायबरच्या झाल्या. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कायाक हिची लांबची बहीण म्हणावी. ती सीलच्या कातड्यानें मढविलेली आणि दोन्ही टोंकांना पातें असलेल्या वल्ह्यानें चालणारी. हल्लीं तिच्या प्लॅस्टिकच्या आवृत्तींत बसून जगभर हौशी लोक गळ टाकतात. दोहोंत एक मोठें साम्य आहे. इतक्या हलक्या होडीला मोठा मासा लागला, तर तो होडीसकट माणसाला ओढीत नेतो आणि तसा ओढतां ओढतां स्वतःच दमतो. मोठ्या यांत्रिक बोटीला हें साधत नाहीं.

पण त्याच बोटींनीं गरीवाल्याचें पाणी व्यापलें आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालचा. २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन दंड वाढले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींस बंदी असते. बिनयंत्राच्या होडीस ती लागू नाहीं, परंतु आषाढांतला समुद्र तिला स्वतःच बंदी करतो. ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं राज्य सरकारनें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. हीं जाळीं माशांच्या सबंध थव्याला वेढा घालून तळाकडून आवळतात. १० नोव्हेंबर २०१७ रोजीं केंद्र सरकारनें प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीस मनाई केली. तरीही तक्रारी चालूच आहेत, आणि माझ्या मतें त्यांत तथ्य आहे. दिव्याला भुलून म्हाकूल आणि बांगडा वर येतो, जाळ्यांत जातो. मग खालच्या खडकांतील मोठ्या माशानें खावें काय, आणि गरीवाल्यानें गळाला लावावें काय?

हे दिवे काळोखांतच खरे चालतात. अमावास्येच्या आसपास किनाऱ्यावरून पाहिलें, तर कधीं कधीं क्षितिजावर त्यांची रांग उभी दिसते. पौर्णिमा जवळ आली, कीं चांदण्यांत त्यांची भूल फिकी पडते, आणि ते दिवस बोटी बहुधा दिवे घेऊन निघत नाहींत.