टांगत्या कुंडीचे वजन

गॅलरीत टांगलेले एखादे फुलझाड मलूल दिसले की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? तांब्याभर पाणी आणून कुंडीत ओततो. पाने खाली आली म्हणजे झाडाला तहान लागली, असे आपण गृहीतच धरतो. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. आई गेल्यानंतर तिच्या अंगणातले बेगोनियाचे एक रोप मी शहरातल्या घरी आणले. प्लॅस्टिकची टांगती कुंडी घेतली, पाणी चांगले निघून जावे म्हणून तळाशी दोन बोटे खडी पसरली, वर काळी माती भरली आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातले. तीन आठवड्यांनी पाने लोंबू लागली. मी पाणी वाढवले. आणखी आठवड्याभरात झाडाने मान टाकली. कुंडी उलटी करून पाहिली, तर मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती व मातीला कुजका वास येत होता. झाड तहानलेले नव्हते. ते बुडत होते.

लाजेची गोष्ट अशी, की त्याच दिवसांत मी वर्गात केशाकर्षणाचे सूत्र फळ्यावर मांडत होतो. त्या सूत्राचा कुंडीशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. तो संबंध कोणता, हे आज आपण पाहू.

टॉवेलचा खालचा काठ

वाळत घातलेला टॉवेल कधी निरखून पाहिला आहे का? वरचा भाग आधी सुकतो आणि खालचा काठ बराच वेळ ओला राहतो. गुरुत्वाकर्षण पाण्याला खाली खेचते हे खरे, पण काठाशी आलेले सगळेच पाणी गळून जात नाही. धाग्यांमधील बारीक फटींत पृष्ठताणामुळे ते अडकून बसते.

बारीक नळीत पाणी किती उंच चढते, हे नळीच्या त्रिज्येवर अवलंबून असते. त्रिज्या जितकी कमी तितकी उंची जास्त. काचेच्या स्वच्छ नळीची त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते; त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर. मातीच्या कणांमधील पोकळ्या म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या होत. पाणी घातल्यावर जादा पाणी तळाच्या भोकातून निघून जाते. पण गळणे थांबल्यावरही तळाशी मातीचा एक थर पाण्याने पूर्ण भरलेला राहतो. त्याची जाडी पोकळ्यांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची असल्याने तिच्यात हा थर बराच जाड असतो.

समजा, एखाद्या मातीत हा थर ४ सेंटिमीटर आहे. २० सेंटिमीटर खोल कुंडीत तो एकपंचमांश भाग व्यापील. ८ सेंटिमीटर खोल कुंडीत निम्मी माती चिखल होईल. शेतात खाली मातीच माती असते, त्यामुळे पाण्याला उतरत जायला वाव मिळतो. कुंडीच्या मातीचा धागा मात्र भोकापाशी तुटतो. म्हणून कुंडीला शेताचा लहानसा तुकडा समजणे चुकीचे आहे.

स्पंजाचा प्रयोग

हे तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता. एक लांबट चौकोनी स्पंज घ्या. बादलीतील पाण्यात तो दाबून सोडून आतली हवा पूर्ण काढून टाका. मग तो अलगद उचलून चाळणीवर आडवा ठेवा व गळणे थांबेपर्यंत वाट पाहा. आता, न दाबता, तो लांब कडेवर उभा करा. पाणी पुन्हा गळू लागेल! ते थांबल्यावर आखूड कडेवर उभा करा. आणखी पाणी गळेल. प्रत्येक वेळचे पाणी चाळणीखाली भांडे ठेवून मोजा.

स्पंज तोच, पाणी तेच; बदलली ती फक्त उंची. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज आणि खोल कुंडी म्हणजे उभा स्पंज.

आता खडीकडे वळू. तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज घरोघरी आहे. माझाही होता. पण बारीक पोकळ्यांत धरलेले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून शिरत नाही. टॉवेलच्या ओल्या काठाला कोरडे फडके लावून पाहा. पाणी लगेच त्यात उतरते. त्याच काठाखाली खडे ठेवा. खडे वरवर ओले होतील, पण काठ कोरडा होणार नाही. कुंडीतही मातीचा ओला थर खडीच्या डोक्यावर जसाच्या तसा राहतो. खडीने तो फक्त दोन बोटे वर ढकलला जातो आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एक तुकडा ठेवला की पुरे.

मग उपाय काय? मातीतल्या पोकळ्या मोठ्या करायच्या. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समभाग घ्यावी. टांगत्या कुंडीचा भार कमी करायचा असेल तर मातीचा काही भाग वगळून नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, वापरावा. शिवाय टांगत्या कुंडीला एक खास सोय आहे. तिच्या खाली मोकळी जागा असते. सुती कापडाची ओली पट्टी भोकातून वर मातीत रोवून खाली वीतभर लोंबती सोडली, तर पाण्याचा तुटलेला धागा जणू लांब होतो आणि तळाचे जादा पाणी पट्टीतून ठिबकून जाते.

मुळांनाही हवा लागते

तळाशी पाणी साचले तर बिघडले कुठे, असे तुम्ही विचाराल. मुळे जिवंत असतात आणि त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. तो त्यांना मातीच्या पोकळ्यांतील हवेतून मिळतो. ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात. गुदमरलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भोवती पाणीच पाणी असूनही पाने लोंबतात! पुढे कुजविणाऱ्या बुरश्यांचे काम सोपे होते.

म्हणजे पाणी कमी झाले तरी पाने लोंबतात आणि जास्त झाले तरी लोंबतात. नुसती पाने पाहून रोग ओळखता येत नाही. आणखी एक मोजमाप हवे. ते मोजमाप म्हणजे वजन.

ताणकाटा लावा

झाडाची कुंडी तोलण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७२४ साली सूर्यफुलाचे साडेतीन फूट उंचीचे रोप कुंडीत लावून तिचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने झाकले, म्हणजे मातीतून बाष्पीभवन होऊ नये. मग पंधरा दिवसांच्या नोंदींसाठी तो ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलत राहिला. दिवसाच्या बारा तासांत ते रोप पानांवाटे सरासरी अर्ध्या किलोग्रॅमहून थोडे अधिक पाणी बाहेर टाकते, असे त्याला आढळले. १७२७ साली त्याने हे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पानांवाटे होणाऱ्या या क्रियेला आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो.

हेल्सला कुंडी उचलून तराजूवर ठेवावी लागे. टांगती कुंडी मात्र आधीच टांगलेली आहे. आकडा आणि कुंडी यांच्यामध्ये ताणकाटा अडकवला की झाले. काटा निदान ५ किलोग्रॅमपर्यंतचा हवा. प्रवासी बॅगा तोलण्याचा काटाही चालेल. वर छताचा आकडा भक्कम आहे ना, हे मोठ्या माणसांकडून आधी तपासून घ्या, कारण ओली माती बरीच जड असते.

कृती अशी. तळातून पाणी गळेपर्यंत कुंडीला पाणी घाला. गळणे पूर्ण थांबल्यावर वजन घ्या. समजा, ते ३.२ किलोग्रॅम भरले. मग पाणी न घालता रोज सकाळी ठराविक वेळी वजन टिपत जा. वरची माती बोटाच्या एका पेराइतकी कोरडी होऊन पानांचा ताठपणा जरासा कमी झाला, की त्या दिवसाचे वजन पाहा. समजा, ते २.२ किलोग्रॅम आहे. या दोहोंचा मध्य २.७ किलोग्रॅम. यापुढे काटा २.७ वर आला की पाणी घालायचे. किती? एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणून सुमारे अर्धा लिटर. झाडाची वाढ होते तसे हे आकडे बदलतात. दोन महिन्यांनी ते पुन्हा काढावेत.

आता निदान सोपे झाले. पाने लोंबली आहेत आणि कुंडी हलकी आहे, तर पाणी द्या. पाने लोंबली आहेत आणि कुंडी जड आहे, तर थांबा. कुंडीला चिकटवलेली बशी काढा आणि माती सुकू द्या. कडक उन्हात दुपारी मलूल झालेले झाड संध्याकाळी आपोआप सावरते, तेही लक्षात ठेवा. कधी कधी पाणी घातल्यावरही वजन वाढत नाही. फार सुकलेले कोकोपीट पाणी लवकर शोषत नाही आणि घातलेले पाणी कडेकडेने निघून जाते. अशा वेळी कुंडी दहा-पंधरा मिनिटे बादलीत बुडवून ठेवावी.

एकच नियम सर्वांना चालत नाही

वजनांचा तक्ता केलात, की "रोज एक तांब्या" हा नियम का फसतो ते दिसेल. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून माठासारखे पाणी झिरपते व उडून जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीतून तसे जात नाही. टांगत्या कुंडीला चहूबाजूंनी वारा लागतो आणि पानांभोवतीची दमट हवा सतत वाहून जाते, म्हणून उन्हाळ्यात ती जमिनीवरच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. पावसाळ्यात हवाच दमट असते. तेव्हा तीच कुंडी कित्येक दिवस जड राहते.

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा फसवा आहे. भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यात अनेकदा शे-दोनशे लक्सच. डोळ्याची बाहुली रुंदावते आणि आपल्याला दोन्हीकडे "चांगला उजेड" वाटतो. झाडाला मात्र हा फरक पुरता कळतो. कमी उजेडात प्रकाशसंश्लेषण कमी, बाष्पोच्छ्वास कमी, म्हणून पाण्याची गरजही कमी. चिनी गुलाब आणि हिवाळ्यातला पेटुनिया उन्हात टांगावेत. बेगोनिया, नेचे, मनीप्लांट व स्पायडर प्लांट यांना खिडकीजवळचा सौम्य उजेड मानवतो.

एकाची अनेक रोपे

माझ्या बेगोनियाकडे परत जाऊ. मुळे गेली होती, पण तीन फांद्यांचे शेंडे अजून हिरवे होते. तोडलेली फांदी म्हणजे पुरवठा बंद झालेला पंप. पानांतून पाणी जातच राहते, खालून मात्र काही येत नाही. मुळे फुटेपर्यंत हा खर्च आवरला, तरच फांदी जगते.

मी प्रत्येक शेंडा बोटभर लांबीचा, पेराच्या किंचित खाली कापला. खालची पाने, फुले व कळ्या काढल्या. वरची दोन पाने ठेवली, कारण अन्न तीच तयार करतात. ओलसर जाड वाळूत फांद्या खोचून वर पारदर्शक पिशवी घातली. पिशवीला चार-दोन भोके पाडली आणि ती पानांना चिकटू नये म्हणून काड्या रोवल्या. आतली हवा दमट राहिली, की पानांतून पाणी कमी जाते. पिशवी उन्हात मात्र ठेवू नये. आत भट्टी होते.

मुळे खालच्याच टोकाला का फुटतात? कोवळ्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक खोडातून खाली वाहते आणि कापाशी साठते. शेंड्यातून असे द्रव्य उतरते, हे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर केलेल्या प्रयोगांतून १९२८ साली मांडले. म्हणून फांदी लावताना खालचे टोक खालीच राहील, एवढे पाहावे.

मनीप्लांटची फांदी निदान एक पेर बुडेल अशी पाण्यात ठेवली तरी मुळे धरते. पेराशिवाय नुसते पान लावाल तर नवा कोंब येणार नाही. बाटलीतील पाणी दर आठवड्याला बदला व बाटली आतून घासा, नाही तर डेंग्यूच्या डासांची पैदास व्हायची. मनीप्लांटचा रस तोंडात गेल्यास आग होते, म्हणून तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. स्पायडर प्लांटचे काम त्याहून सोपे. त्याच्या लोंबत्या दांड्यावरचे पिल्लू शेजारच्या कुंडीतील मातीवर टेकवा आणि मुळे धरल्यावर दांडा कापा.

माझ्या तीन फांद्यांपैकी एक कुजली. दोन महिन्याभरात रुजल्या. त्यांचाच वेल्हाळ पसारा आज गॅलरीत लोंबतो आहे, गुलाबी फुलांसकट. आकड्याला ताणकाटा कायमचा आहे. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी आधी काटा वाचतो आणि मगच तांब्याकडे पाहतो. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात एखादी कुंडी टांगता आली, तर महिनाभर रोजचे वजन आलेखावर मांडा. ढगाळ दिवस, वाऱ्याचा दिवस आणि कडक उन्हाचा दिवस त्या रेषेत कोठे आहेत, हे ओळखून पाहा.