वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत व पाणी यांविषयी लिहितो. पण ऊस पिकवणारा माणूसच धडधाकट नसेल तर नुसते बेणे चांगले असून काय उपयोग? गटांत फिरताना अलीकडे एक प्रश्न कानी येतो, "साहेब, डॉक्टर वजनाचं ऑपरेशन करा म्हणतात. खर्च लाखांत आहे. विमा कंपनी देईल का?" देईल, पण अटी पाळल्या तरच. त्या आधी समजून घेतल्या नाहीत, तर उसाचे बिल दवाखान्यात जाते आणि वर कर्ज होते ते वेगळेच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही शस्त्रक्रिया म्हणजे कातडीखालची चरबी काढणे नव्हे. तो सौंदर्योपचार झाला. त्याचे पैसे विम्यातून सहसा मिळत नाहीत. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठर लहान करतात, किंवा लहान केलेले जठर आतड्याला पुढे जोडतात. त्याने खाणे कमी होते, आणि बऱ्याच जणांचा मधुमेहही आटोक्यात येतो.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली सर्व कंपन्यांसाठी पॉलिसीतील वगळणुकीची भाषा एकसारखी केली. तीनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागायचा तर पुढील अटी पुऱ्या व्हाव्या लागतात :

(१) शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी.

(२) ती वैद्यकशास्त्राच्या मान्य पद्धतीत बसणारी असावी.

(३) रुग्णाचे वय १८ किंवा अधिक असावे.

(४) बीएमआय ४० किंवा अधिक असावा. तो ३५ किंवा अधिक असेल, तर सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, यांपैकी एक असावा; आणि साधे उपाय करूनही वजन उतरलेले नसावे.

बीएमआय काढणे सोपे आहे. मीटरमधील उंचीला उंचीनेच गुणावे व त्या आकड्याने किलोतील वजनाला भागावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ९५ किलोला ३४.९ येतो, साडेपंच्याण्णवला ३५.१, आणि १०९ किलोला ४०. म्हणजे अर्ध्या किलोवरही प्रकरण अडू शकते. काट्यावर वजन झाल्याशिवाय उसाच्या गाडीची पावती फाटत नाही, तसेच हे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर पथ्यावर ठेवून थोडे वजन उतरवायला सांगतात. म्हणून पहिल्या भेटीतले वजन व उंची तारखेसह केसपेपरवर लिहून घ्यावी.

आणखी एक मेख आहे. जगभरच्या शल्यविशारदांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२२ साली आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सांगितले. त्यामुळे डॉक्टर योग्य सल्ला देतात आणि कंपनी पॉलिसीवर बोट ठेवून नाही म्हणते, असे होऊ शकते. दोघांचे निकष वेगळे आहेत हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. आधीपासूनचे आजार व ठरावीक शस्त्रक्रिया यांसाठी प्रतीक्षा काळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आज पॉलिसी काढून पुढच्या महिन्यात ऑपरेशन, हे जमणार नाही. लागणीची नोंद जशी वेळेत करतो, तशीच पॉलिसी वेळेत काढावी व हप्ता चुकवू नये. अर्जात वजन, साखर, रक्तदाब खरेच लिहावे. एजंट म्हणेल, "राहू द्या, कोण बघतंय?" पण बघणारा क्लेमच्या वेळी बघतोच. सही आपली असते. मुलगा पुण्या-मुंबईला कंपनीत असेल व त्याच्या गटविम्यात आई-वडील असतील, तर तिथल्या अटी वेगळ्या असू शकतात. त्या लेखी मागवाव्या.

कागदांची एक पिशवी करावी : डॉक्टरांचे लेखी शिफारसपत्र, आहार-औषधोपचाराच्या जुन्या चिठ्ठ्या, तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल, झोपेच्या तपासणीचा अहवाल. दवाखान्यात दाखल होण्यापूर्वी कंपनीची मंजुरी लेखी घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. त्यांचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो, तोही आधी धरावा.

क्लेम नाकारला तर स्वस्थ बसू नये. नकार कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागावे व कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये पुणे व मुंबई येथे आहेत. ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हे डॉक्टरांनी व घरच्यांनी ठरवायचे. आमचे सांगणे एवढेच, की पॉलिसीचा कागद आज कपाटातून बाहेर काढा, आणि स्वतःला उलगडत नसेल तर घरातल्या शिकल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.