काय व्हायचे ते ठरले नसेल, तर अकरावीला विषय कोणते?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत सगळ्यांना जवळपास सारखेच विषय असतात: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. निवड असलीच तर हिंदी पूर्ण घ्यायची की हिंदी-संस्कृत संयुक्त, अशी भाषेपुरतीच. अकरावीच्या प्रवेश अर्जात मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शाखा, माध्यम, विषय सगळे एकदम ठरवावे लागते. काय व्हायचे हे ज्याचे पक्के आहे त्याचे काम सोपे. ज्याचे पक्के नाही, आणि या वयात ते नसणे अगदी स्वाभाविक आहे, त्याच्यासाठी घरात सहसा एकच सल्ला तयार असतो: "सायन्स घे, मग पुढे काहीही करता येते." हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मुलाला दोन वर्षे रोज मोजावी लागते.

खरा भाग असा. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे बी.ए., बी.कॉम., कायदा, पत्रकारिता, हॉटेल मॅनेजमेंट यांपैकी कुठेही जाऊ शकतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्याला अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण किंवा कृषीकडे वळता येत नाही. अकरावी सायन्स करून बारावीला दुसऱ्या शाखेत जाणारी मुले दिसतात, उलट दिशेने येणारे कोणी दिसत नाही. पण त्यावरून सायन्स घेतले की सगळेच मोकळे, असे समजणे चूक आहे. पुढच्या अभ्यासक्रमांच्या अटी बहुतेक वेळा शाखेपेक्षा विषयांना बांधलेल्या असतात आणि सायन्सच्या मुलानेही एखादा विषय सोडला की त्याचे काही रस्ते संपतात. म्हणून ज्याचे ठरलेले नाही त्याने 'मी काय होणार?' या प्रश्नाशी झटापट करत बसू नये. 'हा विषय सोडला तर नेमके काय हातचे जाते आणि ते नंतर परत मिळते का?' हा प्रश्न त्याच्या जास्त उपयोगाचा. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी नियमांतच लिहिलेले असते.

सर्वांत जास्त रस्ते गणितावर अवलंबून आहेत. अभियांत्रिकीच्या पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, वास्तुकलेलाही हेच दोन विषय लागतात. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचे तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, म्हणजे पीसीएम हवे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, नौदल आणि हवाई दलासाठी मात्र पीसीएम सक्तीचे आहे. शिवाय तिथल्या लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात. त्यामुळे भूदलात जाऊ पाहणाऱ्या कला शाखेच्या मुलालाही गणित चुकत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला बारावीचे गणित लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश घ्यायचा तरी गणित लागते, हे मात्र अनेक पालकांच्या गावीही नसते. अर्थशास्त्र हा कला शाखेचा विषय म्हणून गणित टाकून दिलेला हुशार विद्यार्थी तिथल्या अर्जापाशीच अडतो.

जीवशास्त्राचा पट्टा त्या मानाने अरुंद आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, बी.एस्सी. नर्सिंग या सगळ्यांना जीवशास्त्र लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. गणित आणि जीवशास्त्र यांच्या मधोमध काही अभ्यासक्रम असे आहेत, की दोहोंपैकी एक असले तरी भागते. बी.फार्म. आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांची बी.एस्सी. कृषी ही त्यातली ठळक. डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांत विचार करणाऱ्या घरांत या मधल्या पट्ट्याची चर्चा फार कमी होते.

गणित आणि जीवशास्त्र या दोन विषयांत आणखी एक फरक आहे आणि तो नियमांइतकाच महत्त्वाचा आहे. गणितात प्रत्येक प्रकरण मागच्या प्रकरणावर उभे असते. त्रिकोणमिती कच्ची राहिली की कलन कळत नाही आणि कलन नसेल तर अकरावीचे भौतिकशास्त्रही अडते. दोन वर्षे गणित सुटलेल्या विद्यार्थ्याला ते पुन्हा हातात घेणे फार जड जाते. जीवशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्र यांची बरीच प्रकरणे नंतर स्वतंत्रपणे वाचून काढता येतात. नियमही त्या बाजूने सैल झाले आहेत. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. दोहोंपैकी एकच ठेवायचा असेल आणि मन कोणत्याच बाजूला झुकत नसेल, तर गणिताचा हक्क आधी येतो.

मग दोन्ही का ठेवू नयेत? पीसीएमबी, म्हणजे पीसीएमच्या जोडीला जीवशास्त्र, हा ग्रुप नेमका याच विचाराने घेतला जातो. पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा तीन विषयांची प्रात्यक्षिके, वर गणित, इंग्रजी आणि बहुधा दुसरी भाषा, हा भार लहान नाही. त्यात प्रवेश परीक्षा आल्या की अडचण वाढते. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे, गणिताऐवजी जीवशास्त्र असलेल्या पीसीबी गटात २०० पैकी १०० जीवशास्त्राचे. दोन्ही गट देणाऱ्याला दोन्हीकडच्या जड विषयाची तयारी एकाच वर्षात करावी लागते. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत जीवशास्त्राचे गुण धरत नाहीत आणि नीटच्या यादीत गणिताला जागा नाही. विभागलेल्या वेळेचा तोटा असा दोन्हीकडे होतो. पीसीएमबी घ्यावे ते दहावीचे गणित आणि विज्ञान पाठांतराविना जमलेल्या मुलाने, आणि तेही एका बोलीवर: अकरावी संपेपर्यंत कोणत्या एका प्रवेश परीक्षेची तयारी करायची हे ठरवायचे. दुसरा विषय मंडळाच्या परीक्षेपुरता राहू द्यावा. ज्याला गणिताचे पुस्तक उघडतानाच धास्ती वाटते त्याने केवळ रस्ते मोकळे राहावेत म्हणून ते ओढत नेऊ नये. गणितात कसाबसा उत्तीर्ण झालेल्या मुलाला अभियांत्रिकीच्या चांगल्या जागा तशाही मिळत नाहीत आणि त्या ओढाताणीत बाकीच्या विषयांचे गुण मात्र जातात. अशी मुले गणिताऐवजी भूगोल घेऊन विज्ञान शाखेत राहू शकतात.

कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी एकत्र देणाऱ्या दोन वर्षांच्या 'इंटिग्रेटेड' क्लासची एकरकमी फी भरणे हा ज्याचे ठरलेले नाही त्याच्यासाठी सर्वांत वाईट निर्णय. पैसे एकदा भरले की मुलाचे मन वळले तरी घर वळत नाही.

विज्ञान शाखेत एक निवड नकळत होऊन जाते. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेण्याची सोय अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत आहे. गुण चांगले पडतात म्हणून ती लोकप्रिय आहे आणि तिने फारसे रस्तेही बंद होत नाहीत. 'बायफोकल'चे तसे नाही. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स असे हे व्यवसाय विषय २०० गुणांचे असतात आणि ते दुसऱ्या भाषेची व आणखी एका विषयाची जागा घेतात. तो दुसरा विषय बहुतेकदा जीवशास्त्र असतो. इंजिनिअरिंगकडे निश्चित जाणाऱ्याला बायफोकल सोयीचे पडते. पण ज्याला अजून डॉक्टरकीचा विचार सोडवत नाही, त्याने 'कॉम्प्युटर आहे, चांगलेच' म्हणून सही करण्यापूर्वी आपल्या यादीतून काय गळते आहे ते पाहावे.

वाणिज्य शाखेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय बहुतेकांना असतातच. खरी निवड होते ती गणित आणि चिटणीसाची कार्यपद्धती यांत, म्हणजे कॉलेजच्या भाषेत मॅथ्स की एसपी. एसपीत गुण मिळवणे सोपे म्हणून मुलांचा ओढा तिकडे असतो. बी.कॉम.ला त्याने काही अडत नाही. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. इंदूरच्या आयआयएममध्ये २०११ पासून चालणाऱ्या पाच वर्षांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, तरी तिथली प्रवेश परीक्षा गणितावर भर देणारी आहे. वाणिज्यचे गणित विज्ञानाच्या गणितापेक्षा सौम्य असते. ज्याचे काही ठरलेले नाही अशा वाणिज्यच्या विद्यार्थ्याला यातून कमी कष्टात सर्वांत जास्त वाव मिळतो आणि तरीही या निवडीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

कला शाखेबद्दल 'तिथून पुढे काही नाही' हा समज अजून गेलेला नाही. पाच वर्षांची कायद्याची पदवी, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची पदवी, पत्रकारिता, समाजकार्य, पदवीनंतरच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, इतकेच काय नर्सिंगची जीएनएम पदविका, यांपैकी कशालाही सायन्सची बारावी लागत नाही. विषयांची विविधताही इथे सर्वांत जास्त आहे: मानसशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, भूगोल, सहकार. तर्कशास्त्र हा विषय अनेक ठिकाणी ओस पडलेला दिसतो, पण कायद्याच्या प्रवेश परीक्षांत तर्कावर स्वतंत्र प्रश्न असतात. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर 'कला व विज्ञान' असे छापलेले असते. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तेच गणित घेता येते. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गणित असा संच घेणाऱ्याला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधनाकडे जाणारे रस्ते खुले राहतात. अडचण एकच, ती म्हणजे कला शाखेत गणित शिकवणारी महाविद्यालये कमी आहेत.

आवड आणि कुवत या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. राज्य शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली. तिच्यातून कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे ते कळत असे. त्या क्षेत्राचे विषय झेपतील का, हे तिच्यावरून सांगता येत नसे. त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी असते आणि ती जाणत्या समुपदेशकाकडून करून घेतल्यास उपयोगी पडते. दहावीचे गुण या कामी फसवे ठरतात, कारण दहावी आणि अकरावी यांतली उडी गणित-विज्ञानात मोठी आहे. घरच्या घरी करता येण्यासारखी चांगली परीक्षा बिनखर्चाची आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल लागेपर्यंत दीड-दोन महिने हातात असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मनात असलेल्या प्रत्येक विषयाची दोन प्रकरणे शिकवणीविना वाचावीत आणि स्वाध्याय सोडवावेत. कोणत्या पुस्तकाशी बसल्यावर वेळेचे भान राहत नाही आणि कोणते पुस्तक तिसऱ्या दिवशी बाजूला पडते, हे मुलाला स्वतःलाच कळते.

एवढे करूनही निवड कागदावरच राहू शकते, कारण विषय कॉलेजात असावे लागतात. तालुक्याच्या गावी पुष्कळदा एकच कनिष्ठ महाविद्यालय असते आणि त्यात मानसशास्त्राला शिक्षक नसतो किंवा वाणिज्यला गणित नसते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत. अर्जात दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाल्यास ते घ्यावेच लागते. त्यामुळे पहिला क्रमांक नाव ऐकून किंवा मित्र जातो म्हणून देऊ नये. आपल्याला हवा तो विषयसंच तिथे खरोखर शिकवला जातो का, याची चौकशी अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजच्या कार्यालयात करावी. प्रवेशानंतर विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट चांगली आहे, पण ती मन पक्के झालेल्यांची. डगमगणाऱ्या मुलाला तिथे पंधराव्या वर्षीच विद्याशाखा निवडावी लागते.

निवड चुकली असे बारावीत किंवा त्यानंतर वाटले तर काही मार्ग उरतात. राज्य मंडळाच्या बारावीला 'तुरळक विषय' घेऊन बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही एखादा विषय वेगळा उत्तीर्ण होता येतो. मात्र असा विषय आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाला चालतो का, हे त्याच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला बारावीची शाखा कोणतीही चालते. दहावीपर्यंत गणित आणि इंग्रजी असले की तिथल्या पात्रता टप्प्याला बसता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांतही मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेचे काही विषय घेण्याची तरतूद झाली आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मराठी साहित्य आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची ओळख, असे त्यातून शक्य होते. कोणते विषय प्रत्यक्षात मिळतील, हे तिथेही कॉलेजातल्या शिक्षकसंख्येवरच अवलंबून आहे.